तुम्ही विचारलंत म्हणून: दहावीला एक्क्याण्णव, मग अकरावीत काय होतं?

जून-जुलैत महाद्वार रोडवर भाजी घ्यायला गेले तरी कुणीतरी थांबवतंच. "मॅडम, पोरीला दहावीला ९१ टक्के पडले. सायन्सला घातलीय. आता काय काळजी घ्यायची?" दिवाळीची सुट्टी संपली की तेच पालक आवाज खाली आणून विचारतात, "सहामाहीत ५० पैकी १४ पडलेत. हुशार पोरगी हुती ओ. काय झालं तिचं?"

कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी २५ वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. हे दोन प्रश्न दर वर्षी येतात आणि रस्त्यात उभ्या उभ्या त्यांचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणाची हुशारी आटत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं काय होतं ते मी इतक्या जवळून पाहिलंय, की त्याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. त्यांना जे येत असतं, त्याची नावं एका रात्रीत बदलतात, आणि बदलली आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी राधानगरीकडची एक मुलगी होती. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. पहिल्या घटक चाचणीत 'सेंट्रिपीटल फोर्स'चा प्रश्न तिने कोरा सोडला होता. पेपर वाटताना मी तिला मराठीत विचारलं, "गोफण फिरवताना दगड लांब का उडत नाही?" ती पटकन म्हणाली, "दोरी आत ओढती की. अभिकेंद्री बल." मग लिहिलं का नाहीस? तिने प्रश्नपत्रिकेतल्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. "हे म्हंजे तेच हाय, हे ठावं नव्हतं मॅडम."

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. मुक्त पतन, मुक्तिवेग, अभिकेंद्री बल हे सगळं तिने त्यात शिकलेलं होतं. अकरावीत त्याच गोष्टी 'फ्री फॉल', 'एस्केप व्हेलॉसिटी' होऊन समोर आल्या, तेव्हा तिने त्यांना परकं समजून वाट दिली.

त्या दिवशी तिला मी एक शंभर पानी वही करायला लावली. पानावर तीन रकाने. डावीकडे इंग्रजी शब्द, मधे मराठी शब्द, उजवीकडे आपल्या घरातलं किंवा रानातलं उदाहरण, नाहीतर चित्र. मोमेंटम, संवेग, उतारावरून येणारी उसाची ट्रॉली. इनर्शिया, जडत्व, एसटीने ब्रेक मारल्यावर पुढे जाणारं अंग. रिफ्रॅक्शन, अपवर्तन, पाण्याने भरलेल्या बादलीत वाकडी दिसणारी काठी. उजवा रकाना मी कधीच सांगत नाही, तो ज्याचा त्याने भरायचा. तिथे चुकीचं उदाहरण आलं तर मला लगेच कळतं की शब्द पाठ झालाय, अर्थ कळलेला नाही. गणपतीपर्यंत दीडशे-दोनशे शब्द झाले, की वर्ग ओळखीचा वाटू लागतो.

सेमी इंग्रजीच्या मुलांना ही वही लागत नाही असं पालक म्हणतात. मी त्यांनाही करायला लावते. त्यांना इंग्रजी शब्द माहीत असतो, पण त्यांच्या उजव्या रकान्यात बरेचदा काहीच नसतं.

दुसरी अडचण शिकवणाऱ्यांनाच ठाऊक असते, घरी ती पोचत नाही. अकरावीच्या फिजिक्सचा दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. त्यात सदिश, म्हणजे दिशा असलेल्या राशी, येतात आणि कॅलक्युलसची, म्हणजे बदलाचा दर मोजणाऱ्या गणिताची, तोंडओळख येते. गणिताच्या पुस्तकात मात्र याच कॅलक्युलसचे लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह हे धडे दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे आहेत. म्हणजे जे गणिताच्या सरांनी अजून शिकवलेलंच नाही, ते मुलाला पहिल्या दोन महिन्यांत माझ्या तासाला वापरावं लागतं. मूल घरी येऊन सांगतं, "मला काहीच कळत नाही," आणि घरात भांडणं होतात. एवढंच करा, त्या धड्यापुरतं आठ-दहा दिवस फिजिक्सच्या शिक्षकांकडे तासानंतर थांबायला सांगा. वेग म्हणजे स्थान बदलण्याचा दर, एवढी एक गोष्ट आलेखावर नीट दिसली की पुढचं वर्ष सोपं जातं.

नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे पाऊस असतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण पाणी चढलं की पन्हाळा, शाहूवाडी, करवीरच्या कितीतरी गावांतली मुलं आठ-आठ, कधी पंधरा दिवस कॉलेजला येऊ शकत नाहीत, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. रस्ता सुरू होऊन ती परत येतात तेव्हा वर्ग सदिशांवरून पुढे गेलेला असतो. हायस्कूलमध्ये बाईंना माहीत असतं कोण कुठल्या गावचं. ऐंशी जणांच्या तुकडीत जुलैमध्ये मला नावंही पाठ झालेली नसतात, हे कबूल करते. म्हणून पाणी ओसरल्यावर पहिल्याच दिवशी मुलाने स्वतः येऊन सांगावं, "मॅडम, आमचा रस्ता बंद होता, माझं इथून इथपर्यंत बुडालं." एवढं ऐकल्यावर मागे वळून न शिकवणारा शिक्षक मला फार कमी भेटला आहे. न सांगणारी मुलं मात्र दर वर्षी भेटतात.

मीही त्यांच्यातलीच एक होते. १९८९ साली गारगोटीकडच्या एका गावातून कोल्हापुरात अकरावीला आले. पहिल्या चाचणीत २५ पैकी ७ मिळाले आणि तो पेपर मी ट्रंकेत कपड्यांच्या तळाला ठेवला. चार महिने कुणाला कळू दिलं नाही. आई-वडिलांना दुःख होईल म्हणून लपवते आहे असं वाटायचं. त्या चार महिन्यांत मी एकही प्रश्न विचारला नाही, आणि ते महिने भरून काढायला मला दीड वर्ष लागलं.

आपल्या गावाला ही गोष्ट नवी नाही. खेड्यातलं हुशार पोर शहरात शिकायला आलं तर फी माफ करून भागत नाही, त्याला राहायला छप्पर आणि सोबतीला चार पोरं लागतात, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहत गेली. दसरा चौकातून जाताना त्यांच्या इमारती आजही दिसतात. आता बरीच मुलं खोली घेऊन राहतात किंवा रोज एसटीने येतात. एसटीने येणाऱ्यांना माझं सांगणं असतं, की आपल्याच गाडीला येणारे, आपल्याच शाखेचे दोघे-तिघे पहिल्या आठवड्यात शोधा. गाडीत जाऊन-येऊन दोन-अडीच तास जातात. त्या वेळात तीन रकान्यांची वही एकमेकांना विचारता येते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तो अजूनही न काढलेल्या मुली भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

प्रॅक्टिकल दुपारी असतं आणि गावाकडची सोयीची गाडी त्याच सुमाराला सुटते. मुलं प्रॅक्टिकल सोडतात. कृपा करून सोडू देऊ नका, कॉलेजशी बोलून बॅच बदलून घ्या. बारावीला फिजिक्सच्या १०० पैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात, पण मला सांगायचंय ते गुणांच्या पलीकडचं आहे. एका वर्षी व्हर्निअर कॅलिपरचा, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या उपकरणाचा, प्रयोग चालू होता. ०.०१ सेंटिमीटरपर्यंत मोजायचं असतं, आणि कुठली रेघ कुठल्या रेघेशी जुळली यावरच अर्धी बॅच अडली होती. मागच्या टेबलावरच्या एका मुलाने, वर्गात कधीच न बोलणाऱ्या, व्हर्निअर उचललं, जबडे हलकेच बंद करून आधी शून्य तपासलं, उजेडाकडे तिरकं धरलं आणि वाचून टाकलं. त्याचे वडील शिरोलीच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये कामाला. रविवारी डबा द्यायला गेला की हा जॉब, म्हणजे मशीनवर तयार होणारे भाग, मोजत बसायचा. त्या दिवशी चार टेबलांवर जाऊन त्याने सगळ्यांना शिकवलं, आणि त्यानंतर तो वर्गातही बोलायला लागला. तो प्रॅक्टिकल सोडून गाडीला गेला असता, तर त्याला हे येतं हे मला कधी कळलंच नसतं.

याच कारणासाठी मला ती क्लासची सोय मान्य नाही, जिथे मुलाचं नाव एका कॉलेजात असतं आणि मूल दिवसभर दुसरीकडे प्रश्नसंच सोडवत बसलेलं असतं. क्लास लावू नका असं मी म्हणत नाही. पण सोळाव्या वर्षी उपकरण हातात धरणं, चुकणं, शेजारच्याला विचारणं हे ज्या ठिकाणी होतं, ते ठिकाण मुलापासून काढून घेऊ नका.

आणि अकरावी हे आरामाचं वर्ष आहे, बोर्डाची परीक्षा नाही, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. राज्याच्या सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. नीट आणि जेईईत तर जवळजवळ निम्मा अभ्यासक्रम अकरावीचाच आहे.

शाखा चुकली असं वाटलं तर? ते मुलाच्या तोंडून बाहेर पडेल एवढं घर मोकळं ठेवा. लवकर बोललं तर मार्ग निघतो. सायन्स सोडून अर्थशास्त्राला गेलेली माझी एक विद्यार्थिनी आज मन लावून शिकवते आहे, आणि तिला सायन्समध्ये डांबून ठेवलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मला करवत नाही.

राधानगरीकडच्या त्या मुलीची आई दिवाळीआधी भेटायला आली होती. म्हणाली, "मला सहीपुरतं लिवता येतंय. मी घरी काय मदत करू?" मी म्हटलं, रोज संध्याकाळी तिला विचारा, आज काय शिकलीस ते मला सांग. तुम्ही शेंगा फोडत बसा, तिला मराठीत सांगू दे. तुम्हाला कळेपर्यंत सांगू दे.

आठ दिवसांनी माझ्या तासाला तिसऱ्या बाकावरून हात वर आला. जूनपासून पहिल्यांदाच. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, काल आईला फ्री फॉल सांगत होते. सगळ्या वस्तू एकाच वेगानं खाली येतात म्हटलं. तर आई म्हणाली, मग नारळ धपकन पडतो आन् पिंपळाचं पान डुलत डुलत का येतंय?"

त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला राहिला. पुढचा सगळा तास आम्ही हवेबद्दल बोललो.