स्लॅब चेकिंग: पंप उभा राहण्याआधीचे दोन दिवस

"उद्या स्लॅब भरायचाय, सकाळी येऊन चेकिंग करून जा" असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: वरची सळयांची जाळी बांधली का? बांधली असेल तर निम्मं चेकिंग हुकलेलं असतं. बीमची खालची सळई, रिंगांचे (मुख्य सळयांभोवतीच्या कड्यांचे) हुक, स्लॅबखालचे कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून उचलून धरणारे ठोकळे) हे सगळं त्या जाळीखाली आणि लाइटच्या पाइपांखाली दडतं. म्हणून पुण्यातल्या सात मजली निवासी इमारतीवर (125 मिमी स्लॅब, एम 30 ग्रेडचं आरएमसी म्हणजे प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट, मजल्याला साधारण 60 घनमीटर) तपासणी तीन वेळा ठेवली: सेंट्रिंग (प्लाय आणि जॅकचा तात्पुरता साचा) झाल्यावर, बीम आणि खालची जाळी झाल्यावर, वरच्या सळया आणि पाइप झाल्यावर. सही झाल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावायचा नाही, हे वर्क ऑर्डरमध्येच घातलं. तोंडी ठरलेलं दुसऱ्या स्लॅबपर्यंत टिकत नाही.

सेंट्रिंग आधी खालून बघायचं. दुपारी खाली उभं राहून वर पाहिलं की प्लायच्या सांध्यांतून ऊन दिसतं. जिथून ऊन येतं तिथून सिमेंटचं पाणी गळणार आणि तिथेच खडी उघडी पडणार. पट्टी मारून ते बुजवायला अर्धा तास लागतो. मग जॅक, म्हणजे साच्याखालचे टेकू. 125 मिमी ओल्या स्लॅबचं वजनच चौरस मीटरला 310 किलोच्या वर जातं. माणसं आणि पंपाचा पाइप वेगळे. पहिल्या स्लॅबचे जॅक भरावावर उभे असतात, त्यामुळे पायाखाली फळी नसेल किंवा जॅकखाली विटा रचल्या असतील तर काम तिथेच थांबवतो. पाऊस पडून गेला असेल तर सगळ्या जॅकना पुन्हा हात लावून बघायचा, एखादा ढिला सापडतोच. खोल्यांचे कर्ण टेपने मोजतो. 3 बाय 4 मीटरच्या खोलीत दोन्ही 5 मीटर यायला हवेत. लेव्हल आणि ओळंबा सगळेच बघतात, त्यावर वेळ घालवत नाही.

सळईत पहिला नंबर रिंगांचा. पुणे भूकंप क्षेत्र 3 मध्ये येतं, त्यामुळे हुक 135 अंशात आत वळलेला आणि त्याचं शेपूट 8 मिमीच्या रिंगेला किमान 65 मिमी हवं. साइटवर 90 अंशाचे हुक सर्रास दिसतात, कारण आधी रिंग वळवून ठेवली की 135 चा हुक घालून बसवायला त्रास होतो. कॉलमच्या तोंडापासून पहिली रिंग 50 मिमीच्या आत, आणि तिथून पुढे ड्रॉइंगमधलं दाट अंतर. नेमकं याच जागी गर्दी असते म्हणून फिटर दोन रिंगा गाळतो. कव्हरही, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, रिंगेच्या बाहेरून मोजायचं, मुख्य सळईपासून नाही. आयएस 456 (काँक्रीटकामाचं भारतीय मानक) प्रमाणे ते 10 मिमीपर्यंत जास्त चालतं, कमी मात्र अजिबात नाही. फुटलेल्या फरशीचे तुकडे कव्हर ब्लॉक म्हणून घातलेले दिसले तर सगळे काढायला लावतो. पाय पडला की ते मोडतात आणि सळई प्लायला टेकते.

सळईचा नवीन माल उतरला की 1 मीटरचा तुकडा कापून वजन करायचं. 8 मिमीला 395 ग्रॅम, 12 मिमीला 888 ग्रॅम. 10 मिमीपर्यंत 7 टक्के आणि त्यापुढे 16 पर्यंत 5 टक्के फरक चालतो.

सगळ्यात जास्त वेळ मी बाल्कनीवर घालवतो. बाहेर झुकलेल्या स्लॅबची मुख्य सळई वर असते, कारण ताण वरच्या बाजूला येतो. 20 मिमी कव्हर आणि 10 मिमी सळई धरली तर सळईच्या मध्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत 100 मिमी उंची मिळते. भरताना माणसं त्यावरून चालली आणि जाळी 30 मिमी खाली दबली तर उरतात 70. म्हणजे ताकदीतले जवळजवळ 30 टक्के गेले, आणि वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. यावर उपाय जाळी खालून उचलून धरणाऱ्या खुर्च्यांचा: 10 किंवा 12 मिमी सळईच्या, मीटरभर अंतराने, तारेने बांधलेल्या. मग मी स्वतः त्या जाळीवर उभा राहतो. माझ्या वजनाने दबली तर खुर्च्या वाढवायच्या. 1.2 मीटरच्या बाल्कनीची सळई आत किती गेली तेही टेप लावून बघतो; आमच्या ड्रॉइंगमध्ये दीडपट, म्हणजे 1.8 मीटर होती. भरायच्या दिवशी तिथे चालायला फळ्या टाकायच्या.

लाइटचे पाइप दोन जाळ्यांच्या मधून जायला हवेत. 25 मिमीचे तीन पाइप एकावर एक आले तर 125 पैकी 75 मिमी पाइपच झाले, पुढे बरोबर त्याच रेषेत तडा जातो. इलेक्ट्रिशियनला आदल्या दिवशीच बोलवायचं.

चूक लिहायची तीही जागेसकट. "कव्हर कमी आहे" असं लिहिलं तर फिटर चार ब्लॉक घालून "झालं साहेब" म्हणतो. "ग्रिड बी-3 ते बी-4, बीमचा तळ, कव्हर 12 मिमी, हवं 25" असं लिहिलं की दुरुस्ती तिथेच होते आणि मलाही पुन्हा तिथेच टेप लावता येते.

भरायच्या दिवशी सकाळी फक्त सफाई बघतो. बीमच्या तळातला भुसा, पिशव्या आणि तारेचे तुकडे काढून घेतो. तुकडे राहिले तर छताला गंजाचे डाग पडतात. व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे) दोन चालू आणि एक पेट्रोलवरचा हाताशी ठेवतो, कारण महावितरणचा भरवसा नाही. बीम-कॉलमच्या गर्दीसाठी व्हायब्रेटरची 25 मिमीची सुई वेगळी.

काँक्रीटच्या प्रत्येक गाडीचं चलन वाचायचं: ग्रेड, भरल्याची वेळ. दोन तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे. आमचा स्लम्प (काँक्रीट किती सैल आहे त्याचं माप) 120 मिमी ठरला होता, 25 इकडे-तिकडे. पंपवाला "घट्ट आहे" म्हणाला की ड्रायव्हर पाण्याचा पाइप उचलतो. 6 घनमीटरच्या गाडीत 60 लिटर पाणी म्हणजे घनमीटरला 10 लिटर. 360 किलो सिमेंटच्या मिक्समध्ये पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.45 वरून 0.48 ला जातं. त्याऐवजी प्लांटच्या माणसाकडून अ‍ॅडमिक्श्चरचा (काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाचा) डोस घालून ड्रम काही मिनिटं जोरात फिरवायचा. तरीही जमलं नाही तर गाडी परत.

60 घनमीटरला आयएस 456 प्रमाणे पाच नमुने, प्रत्येकी तीन क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) 28 दिवसांसाठी. 7 दिवसांचेही तेवढेच धरले तर एकूण 30. नमुना गाडी अर्धी रिकामी झाल्यावर घ्यायचा. क्यूब ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे, उन्हात नाही, आणि दुसऱ्या दिवशी टाकीत. निवडक माल घेऊन, तासभर कुटून भरलेले क्यूब नेहमीच पास होतात, स्लॅबबद्दल मात्र काहीच सांगत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये फिनिशिंग मागे पडलं की पृष्ठभागावर केसासारख्या भेगा दिसतात. ओलसर कापड लगेच, आणि दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी. पीपीसी (फ्लाय अॅश मिसळलेलं सिमेंट) असेल तर किमान 10 दिवस. 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबचे जॅक 7 दिवसांनी निघतात, त्यापुढच्या गाळ्यांचे 14, 6 मीटरपेक्षा मोठ्या बीमचे 21. सेंट्रिंगवाल्याला माल पुढच्या मजल्यावर हवा असतो, म्हणून जॅकवर भरल्याची तारीख खडूने लिहून ठेवतो.

सेंट्रिंग काढतात तेव्हा मी हजर असतो. खडी उघडी पडलेली जागा गवंडी दहा मिनिटांत सिमेंट फासून झाकतो, म्हणून त्याच्या आधी फोटो घ्यायचा, हातोडीने ठोकून पोकळी कुठवर आहे ते रंगाने आखायचं आणि मगच दुरुस्तीची पद्धत ठरवायची.