कामाच्या वेळी कानात काय?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरमधल्या एका वर्कशॉपमध्ये मी ड्रॉइंगचं काम करतो. सकाळी फाउंड्रीसाठी (ओतकामाच्या कारखान्यासाठी) पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून साचा करतात त्या नमुन्याची ड्रॉइंग, दुपारनंतर कोटेशनं आणि पत्रव्यवहार. पत्र्याच्या पलीकडे ग्राइंडर दिवसभर किंचाळत असतो. त्यावर उपाय म्हणून हेडफोन घेतला आणि कामाबरोबर गाणी सुरू झाली.

ड्रॉइंगला भावगीतं झकास जमली. बिडाचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. असे हिशेब आता हातात बसलेत. गाण्याने त्यात काही बिघडत नाही, उलट बैठक टिकते.

कोटेशनला मात्र तीच गाणी आडवी यायची. वाक्य अर्ध्यावर आणि ओठांवर अंतरा. मग न कळणारी भाषा बरी म्हणून तमिळ गाणी लावली. फरक पडला, पण थोडाच. वहीतला रेट टाइप करेपर्यंत डोक्यातून निसटायचाच. कारण नंतर वाचनात आलं. शब्द आणि आकडे आपण मनातल्या मनात घोकून धरून ठेवतो, आणि कानावर पडणारं बोलणं नेमकं तिथंच घुसतं. १९७६ साली कॉल आणि वेल्श या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानावर जर्मन वाचन घातलं. शब्द कळत नसूनही समोर दिसलेली अक्षरं क्रमाने आठवणं त्यांना जड गेलं. माझं तमिळ गाण्यांचं तसंच होत होतं.

मग शब्द कमी असलेलं संगीत शोधत शास्त्रीयकडे वळलो. कोल्हापूरच्या माणसाला त्यात लांब जावं लागत नाही. गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांचं जयपूर-अत्रौली घराणं इथं रुजलं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. नुसत्या 'आ'वर घेतलेली तान वळणं घेत समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे निघाली की माझा माऊस जागेवर थांबायचा. सम आली की पुन्हा चालू. असं काम होत नाही, आणि खरं सांगायचं तर ते गाणंही नीट ऐकून होत नाही. एवढ्या मोठ्या गाण्याला कामाच्या मागे बसवू नये, असं माझं ठाम मत झालं. ते आता रात्री जेवण झाल्यावर, फोन बाजूला ठेवून ऐकतो.

कामाला शेवटी उपयोगी पडला तो नुसता तानपुरा. मोबाईलवरच्या ॲपमध्ये तो हवा तेवढा वेळ वाजतो. पंचम, दोनदा षड्ज, मग खर्ज, पुन्हा तेच. जवारीची, म्हणजे तारा घोडीवर घासून उठणारी ती झिणझिण ग्राइंडरचा टोकदार आवाज बराचसा पोटात घेते आणि वाट बघायला लावणारं त्यात काही नसतं. आमच्या मिस्त्रींनी एकदा हेडफोन लावून बघितला. म्हणाले, "आणि गाणं कवा सुरू हुतंय?" मी म्हटलं, "मामा, हेच." आवाज एवढाच ठेवतो की कुणी हाक मारली तर ऐकू यावी.

मशीनं चालतात त्या शॉपमध्ये पाऊल टाकताना मात्र हेडफोन टेबलावर राहतो. टूल बोथट झालं की लेथचा आवाज बदलतो, जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा, थरथरायला लागला की तोही आधी कानालाच कळतो. तिथं कान मोकळेच हवेत.