२५१ चा आकडा आणि शेव्हेलच्या दोन डायनो शीट

मंडळी, शनिवारी माझी १९७१ ची शेव्हेल (शेव्हरलेची जुनी गाडी, बिग ब्लॉक म्हणजे मोठं व्ही-८ इंजिन) पुन्हा डायनोच्या, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर चढवली. शीट हातात आली तेव्हा मागच्या चाकांवर २५१ एचपी दिसत होते. मार्चच्या शीटवर २२४ होते. मधल्या काळात इंजिनला पाना लागलेला नाही. क्वाड्राजेट कार्बोरेटर तेच, इग्निशनचे पॉइंट्स तेच, कारखान्यातून आलेले कास्ट मॅनिफोल्ड तेच, टायमिंगही जिथल्या तिथे. दुकान आणि रोलरसुद्धा तेच. सोबत आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, पण २७ घोडे असे आपोआप उगवत नाहीत. तेव्हापासून दोन्ही कागद शेजारी ठेवून बसलोय. आज बराचसा उलगडा झाला, म्हणून लिहितो आहे.

पहिला प्रश्न असा, की इंजिनच बदललं का? त्यासाठी दोन्ही शीटवरची एअर-फ्युएल रेघ (इंधनाच्या किती पट हवा ते दाखवणारी) एकावर एक ठेवली. हिवाळाभर क्वाड्राजेटच्या सेकंडरी एअर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगशी जी झटापट केली, ती तुम्हाला माहीत आहे. ३००० आरपीएमजवळचा तो लीन खड्डा (जिथे मिश्रणात इंधन कमी पडायचं) आता दोन्ही कागदांवर नाही. रेघ १२.७ च्या आसपास सरळ चालते आणि मार्चची व शनिवारची रेघ जवळपास एकच दिसते. खरं सांगतो, २५१ पेक्षा या रेघेने मला जास्त आनंद दिला. क्वाड्राजेटला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा धीर धरून ती स्प्रिंग लावून बघावी. रस्त्यावरच्या गाडीसाठी याहून चांगलं कार्ब मला तरी माहीत नाही.

म्हणजे इंजिन तेच. मग फरक मोजण्यात.

शीटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत करेक्शन, म्हणजे मोजलेला आकडा ठरावीक हवामानाला आणायची पद्धत, लिहिलेलं असतं. मार्चला एसएई होतं, शनिवारी एसटीडी. एसएई जे-१३४९ मध्ये २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा धरतात. जुन्या एसटीडीत हवा जास्त थंड आणि दाब जास्त धरलेला असतो, म्हणून त्याच पुलचा (रोलरवर फुल थ्रॉटलने घेतलेल्या एका धावेचा) आकडा साधारण ४ टक्क्यांनी फुगतो. ऑपरेटरला फोन करून तीच फाइल एसएईमध्ये काढून घेतली. २५१ चे २४१ झाले. दहा घोडे नुसत्या एका मेनूतल्या टिचकीने गेले. स्मूदिंग (रेघ गुळगुळीत करायची मात्रा) दोन्ही वेळी ५ होतं, तेही विचारून घेतलं.

उरले १७.

दुसरा धागा माझ्या केस्ट्रेलने दिला. हे खिशातलं हवामानयंत्र महाग वाटलं होतं, पण आता ते गाडीच्या टूलबॉक्सइतकंच आवश्यक वाटतं. शनिवारी पुलच्या आधी मी ते काउलजवळ (बॉनेटच्या मागच्या कडेला, काचेच्या पायथ्याशी) धरलं होतं: २९ अंश. आमच्या बॉनेटवर काउल इंडक्शन आहे, म्हणजे फुल थ्रॉटलला कार्ब हवा तिथूनच ओढतं. दुकानाच्या हवामान केंद्राने मात्र ४३ अंश नोंदवले, कारण त्याचा सेन्सर रेडिएटरमधून येणाऱ्या गरम झोतात भिंतीवर टांगलेला आहे. इंजिन २९ अंशांची हवा पीत होतं आणि सॉफ्टवेअर ४३ अंशांची भरपाई देत होतं. जे-१३४९ च्या सूत्रात दोन्ही तापमानं घालून बघा: इतर काही न बदलता २.७ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे सहा-साडेसहा घोडे. मार्चमध्ये दुकानातली आणि बाहेरची हवा सारखीच थंड होती, त्यामुळे तेव्हा हा घोळ झाला नाही.

जाता जाता, दाबाबाबतही सावध राहा. विमानतळाचा बॅरोमीटर समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. इथे डेट्रॉइटच्या परिसरात उंची दोनशे मीटरच्या आतच आहे, तरी तो आकडा करेक्शनमध्ये घातला तर दोन टक्के इकडचे तिकडे होतात.

२४१ चे २३५ झाले. मार्चच्या २२४ शी अजून ११ चा फरक. इथे मी अडकलो होतो. टायरमधली हवा, पट्ट्यांचा ताण, ट्रान्समिशन ऑइलचं तापमान, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आणि काल रात्री मार्चच्या शीटचा खालचा अक्ष नीट वाचला. तो आरपीएममध्ये नाही, वेगात आहे. पीक पॉवर ताशी ७७ मैलांवर! शनिवारी ती ११४ वर होती.

आता गणित करा. ४८०० आरपीएम, मागच्या एक्सलचा रेशो ३.३१, टायरचा व्यास साडेसव्वीस इंच: तिसऱ्या गिअरमध्ये ११४ मैल येतात. माझ्या टीएच-४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा दुसरा गिअर १.४८ चा आहे. ११४ ला १.४८ ने भागलं की बरोबर ७७. मार्चचा पुल दुसऱ्या गिअरमध्ये झाला होता! टीएच-४०० चा किकडाउन विजेवर चालतो. पेडल तळाला गेलं, स्विच दाबला गेला, गिअरबॉक्स खाली उतरला आणि पुल तसाच नोंदला गेला. शनिवारचा ऑपरेटर जुनाजाणता. त्याने आधीच किकडाउनची वायर काढून ठेवली होती.

गिअर बदलल्याने पॉवर का बदलावी? इनर्शिया रोलर फक्त स्वतःचा वेग किती झपाट्याने वाढला ते मोजतो. क्रँक, कन्व्हर्टर, एक्सल, चाकं यांना फिरवायला लागलेली ताकद त्याला दिसतच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनचे आरपीएम दुपटीहून वेगाने चढतात, म्हणजे ही न दिसणारी ताकदही दुपटीहून जास्त. त्यात तिसरा गिअर थेट १:१ चा, दुसऱ्यात दातांचं घर्षण वेगळं. माझ्या ढोबळ हिशेबाने हे सगळं मिळून दहाच्या आसपास जातं. बाकीचा एखादा घोडा मी टायरच्या खात्यावर टाकून मोकळा झालो.

तेव्हा माझ्या लेखी ही गाडी चाकांवर २३५ ची आहे, तिसऱ्या गिअरमध्ये, एसएई, काउलच्या तापमानाने. या चारही गोष्टी सोबत नसतील तर स्टॉक गाडीच्या कुठल्याही डायनो आकड्यावर मी यापुढे चर्चा करणार नाही.

आणि २३५ म्हटलं की लगेच "३६५ चे एवढेच?" असं विचारणाऱ्यांसाठी: ३६५ हा कंपनीने छापलेला ग्रॉस आकडा आहे. बेंचवर, एअर क्लीनर आणि गाडीचा एक्झॉस्ट न लावता, बाकी उपकरणांचं ओझं काढून घेतलेला. १९७१ साली जीएमने ग्रॉस आणि नेट (हे सगळं लावून मोजलेला) दोन्ही छापले, म्हणून ७१ ची गाडी या कामासाठी सोन्यासारखी. माझ्या एलएस-५ इंजिनचा नेट आकडा २८५. २८५ वरून २३५ म्हणजे साडेसतरा टक्के घट, टीएच-४०० आणि जड एक्सलला शोभेल अशी. पण ग्रॉसवरून नेट काढायचा एकच गुणक शोधू नका. त्याच वर्षी कॉर्व्हेटच्या एलएस-६ चे ४२५ चे ३२५ झाले, क्रायस्लरच्या ४२६ हेमीचे ४२५ चे ३५०. गुणोत्तर प्रत्येकाचं वेगळं.

ग्रॉस आकड्यावर किती विसंबायचं हे एलएस-५ स्वतःच सांगतो. १९७० ला शेव्हेलमध्ये ३६०, त्याच वर्षी कॉर्व्हेटमध्ये ३९०. ७१ ला कॉम्प्रेशन १०.२५ वरून ८.५ वर आणलं आणि शेव्हेलचा आकडा वाढून ३६५ झाला! उलट फोर्डचं ४२८ कोब्रा जेट ३३५ वर आणि कॅमारो झेड/२८ चं ३०२ इंजिन २९० वर दाबून ठेवलेलं. हे आकडे विमा कंपन्या, शर्यतींचे वर्ग आणि जाहिरात खातं बघून ठरत. त्यांच्याशी आपल्या रोलरची तुलना करणं इंजिनवर अन्याय आहे.

पुढचा बेत एक्झॉस्ट हेडर्सचा (कास्ट मॅनिफोल्डच्या जागी नळ्यांचे) होता. तो आता थांबवला. आधी एकाच दुपारी दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा असे पुल घेणार, म्हणजे गिअरचा तो दहाचा हिशेब खरा की खोटा ते कळेल. सेन्सर काउलला लावायला दुकानदार तयार आहे.

लिहितानाच सुचलं: ड्रॅग स्ट्रिपचा ट्रॅप स्पीड (पाव मैलाच्या शेवटी मोजलेला वेग) यात आणावा. वजन गुणिले (वेग भागिले २३४) चा घन, हे सूत्र तुम्ही वापरताच. ड्रायव्हरसकट ४१०० पौंड धरले तर ९५ मैलांना २७४ (चाकांवरचे नाही, इंजिनचे) येतात आणि ९७ ला २९२. दोन मैलांत १८ घोडे, म्हणून वाऱ्याची दिशा नोंदवावी लागेल आणि गाडी वजनकाट्यावर न्यावीच लागेल. पण तिथे रोलर नाही, करेक्शनचा मेनू नाही. आधी स्ट्रिप, मग रोलर, असा क्रम ठरवतोय.

ज्यांच्याकडे स्टॉक ऑटोमॅटिक बिग ब्लॉकची शीट असेल त्यांनी आज पीकचा वेग बघा, एक्सल रेशो आणि टायरच्या व्यासाने गिअर काढा आणि इथे टाका. मोपार (क्रायस्लर) ७२७ ऑटोमॅटिकवाल्यांचे आकडे मला विशेष हवे आहेत.