भरल्याशिवाय न सुटणारी मोटार

तात्या, म्हणजे माझे आजोबा, एसटी येण्याआधी पुणे–सासवड–जेजुरी रस्त्यावर सर्व्हिस मोटार, म्हणजे खासगी प्रवासी गाडी, चालवायचे. मालकाच्या मोटारी तीन, त्यातली एक कायम उघडून ठेवलेली. तरी घरात या धंद्याचा उल्लेख ‘कंपनी’ असाच व्हायचा, टाटांची असावी तशा थाटात.

कंपनीला वेळापत्रक नव्हतं. पूलगेटजवळ मोटार उभी राहायची, क्लीनर ‘सासवऽड, जेजुरीऽ’ ओरडायचा आणि गाडी भरली की सुटायची. भरली म्हणजे काय, हे मालक ठरवायचा. बाकांवर माणसं, मधल्या जागेत बायका आणि पोरं, टपावर सामान, सामानावर पुन्हा माणसं. येताना सासवडहून अंजिरं-सीताफळांच्या पाट्या मंडईसाठी चढायच्या. सोमवती अमावस्येला जेजुरीहून परतणारी मोटार आतून पिवळीधमक व्हायची. भंडारा बाकांच्या फटींतून आठ-आठ दिवस निघत नसे, असं तात्या सांगायचे.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र दिवे घाटाची. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि मोटारींना कोळशाचे गॅस प्लँट लागले. गाडीच्या मागे बंबासारखी भट्टी. पहाटे उठून क्लीनरनं ती पेटवायची. कोळसा कमी हवेत धुमसत ठेवला की जो गॅस निघतो, तो गाळून इंजिनात जायचा. सपाटीला ठीक चालायचं, पण या गॅसला पेट्रोलचा जोर कुठला? वडकी सोडून चढण लागली की मोटार धापा टाकायची. मग क्लीनर मागच्या चाकाला दगडाची उटी लावायचा आणि तात्या ओरडायचे, “गडीमाणसं खाली उतरा!” मंडळी तिकिटाचे पैसे मोजून घाट पायी चढायची, जमलं तर ढकलायचीही. वर पोचून खाली मस्तानी तलाव दिसेपर्यंत रेडिएटरला दोनदा पाणी. कुणी भांडलं नाही का, असं मी विचारलं तर म्हणाले, “भांडून जाणार कुठं? दुसरी मोटार आमचीच होती.”

हे ऐकताना मजा वाटते, पण त्या मधल्या जागेत माझी आजीही असायची, कडेवर बाळ घेऊन. सासवड तिचं माहेर, आणि ड्रायव्हरची बायको म्हणून तिकीट माफ. माफ असल्यामुळे बाकावर बसायचा हक्क नाही, हा मालकाचा नियम. त्याबद्दल तात्या कधी आपणहून बोलले नाहीत, मला ते आजीकडून कळलं.

१ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. कंपनीत त्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही, कारण नगर रोड आपला नव्हेच. पण सरकार एकेक रस्ता ताब्यात घेत चाललं. शहरातही १९५० मध्ये महानगरपालिका आली आणि शहरात बस चालवणाऱ्या सिल्व्हर ज्युबिली मोटर्सच्या जागी पालिकेची पीएमटी. सासवडच्या रस्त्याची पाळी आली तेव्हा मालकानं दोन मोटारी विकल्या. तिसरी, ती उघडून ठेवलेली, कुणी घेतली नाही. तिचे भाग घेऊन तात्यांनी नाना पेठेत गॅरेज टाकलं. एसटीत भरती व्हा म्हणून बरेच जण मागे लागले होते. हे गेले नाहीत. आजीच्या मते अभिमान, तात्यांच्या मते गुडघे. मला आजीचं खरं वाटतं, कारण पुढं तीस वर्षं ते उकिडवे बसूनच गाड्या दुरुस्त करत होते.

आजी पहिल्यांदा एसटीनं माहेरी निघाली, तेव्हा तात्या तिला बसवून द्यायला गेले होते. गाडीत जेमतेम सहा-सात माणसं. आजीला खिडकीची जागा मिळाली, तिकीट काढून. घड्याळाकडं बघत कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी वाजली आणि गाडी हलली. तात्या तिच्याबरोबर पळायला लागले. आजीला वाटलं, काहीतरी द्यायचं राहिलं असेल, म्हणून तिनं हात बाहेर काढला. हे मात्र कंडक्टरला ओरडून सांगत होते, “अहो मास्तर, थांबा की! गाडी रिकामी चाललीय!”