गुर्जी, तुतारी कंची?

७ मे २०२४. सातारा लोकसभा, पाटण खोऱ्यातली जिल्हा परिषदेची शाळा आणि केंद्राध्यक्ष म्हणून मी. पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी. पन्नास मतं दाबून झाली, चिठ्ठ्यांशी ताळा जुळला, यंत्र क्लिअर केलं, शिक्का मारलेल्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकाच भावकीतले, त्यामुळं कुरबूर नाही. सात वाजता दार उघडलं तर रांगेत बरेचसे मुंबईकर. त्यांच्याकडचं मतदान २० मेला, पण नाव अजून गावातच. आमच्याकडची टक्केवारी भाषणांपेक्षा रातच्या गाड्यांवर ठरते, असं माझं मत आहे.

दुपारी ऊन तापलं, रांग ओसरली. एक आज्जी शाई लावून आडोशामागं गेल्या त्या बाहेरच येईनात. मग तिथूनच हाक, "गुर्जी, तुतारी कंची ह्यातली? दोन दिसत्यात!"

त्यांचंही बरोबरच होतं. पंचवीस वर्षं राष्ट्रवादीचं घड्याळ ओळखीचं. ते अजित पवारांकडं गेलं आणि फेब्रुवारीत शरद पवारांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. खाली अपक्षांत एकाला नुसती तुतारी, जिला लोक पिपाणी म्हणतात. अंगठ्याएवढ्या चित्रात माणूस कुठं आणि पिपाणी कुठं!

तुतारीवाला प्रतिनिधी ताडकन उठला, "अवो, सांगा की तिला!"

दुसरा म्हणाला, "सायेब, सांगायचं न्हाई हां."

सांगता येतच नव्हतं. आज्जींना दिसत होतं, हात चालत होते, त्यामुळं सोबती देण्याचाही प्रश्न नव्हता. पुठ्ठ्याच्या नमुन्यावर बटण कसं दाबायचं ते दाखवता येतं, कुठलं ते नाही. मी जागेवरूनच म्हणालो, "आज्जी, चिन्हाचं मोठ्यानं बोलू नका. नाव बघा, फोटो बघा, मग दाबा."

सगळे गप्प. तेवढ्यात पीं वाजलं. मत कुणाला गेलं ती चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. आज्जींनी ती बघितली की नाही, देव जाणे. बाहेर येऊन मलाच विचारलं, "गेलं का वो बरोबर?"

"मत नोंदलं गेलं, आज्जी." ह्याहून जास्त काय बोलणार?

४ जूनला निकाल लागला. भाजपचे उदयनराजे तुतारीवाल्यापेक्षा ३२ हजारांवर मतांनी पुढं राहून निवडून आले आणि पिपाणीला पडली ३७ हजारांवर. ती सगळी चुकून पडली असं मी म्हणणार नाही. दिंडोरीत पिपाणीनं लाखावर मतं घेऊनही तुतारीवाला निवडून आलाच. पण आडोशामागून आलेली ती हाक मी ऐकली होती.

संध्याकाळी त्याच तुतारीवाल्या प्रतिनिधीचा फोन. "गुर्जी, आपल्या बूथवर पिपाणीला किती?"

"तुमच्याकडच्या १७-सी फॉर्ममध्ये नुसतं एकूण मतदान असतं. बूथवार आकडे नमुना २० मध्ये येतील, तेव्हा बघा."

"बघून काय करू? म्हातारी माझीच चुलती हाय. महिना झाला, रोज इचारतीया, आपलं मत कुणाला गेलं म्हणून."