द्राक्षबागेतल्या सेन्सरसाठी मिडलवेअर उभारताना

मिडलवेअर म्हणजे सेन्सर आणि शेतकऱ्याचं अ‍ॅप यांच्यामधला सॉफ्टवेअरचा दुवा. निफाड तालुक्यातल्या या बागेत सेन्सर आधीच बसलेले होते, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मातीतले प्रोब आरएस-४८५ च्या तारेवर मॉडबस या यंत्रांच्या भाषेत बोलायचे, पानावरचा ओलावा मोजणारा नुसता व्होल्टेज द्यायचा, हवामान केंद्र लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवर, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. बागायतदार काकांना यातलं काही नको होतं. "पानं किती तास ओली राहिली तेवढं सांगा, डाऊनीची फवारणी घ्यायची का ते मी ठरवतो." डाऊनी हा ओल्या पानांवर पसरणारा द्राक्षाचा रोग.

संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१ च्या लेखात म्हटलं होतं की सर्वांत खोल रुजलेलं तंत्रज्ञान दिसेनासं होतं. काकांना नेमकं तेच हवं होतं.

शेडमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवून त्यावर मॉस्किटो ब्रोकर चालवला, म्हणजे एमक्यूटीटी या पद्धतीने आलेले संदेश घेऊन पुढे वाटणारा प्रोग्रॅम. प्रत्येक सेन्सरला, त्याचे आकडे एकाच साच्यात आणणारा, छोटा अ‍ॅडॅप्टर. अ‍ॅपला फक्त प्लॉट आणि मोजमाप कळतं, सेन्सरची कंपनी नाही. एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी जन्माला आलं, त्यामुळे अधूनमधून तुटणारी रेंज त्याला नवी नाही.

खरा कस लागला तो वीज किंवा संपर्क खंडित झाल्यावर. रिटेन केलेला, म्हणजे जपून ठेवलेला, शेवटचा आकडा ब्रोकर नव्याने जोडलेल्या अ‍ॅपला लगेच देतो, पण तो कधी मोजला हे आपण लिहिलं नाही तर कळत नाही. रात्री वीज गेली, बाहेर दव पडतंय आणि स्क्रीनवर मात्र 'कोरडं': अशा माहितीपेक्षा माहिती नसलेली बरी. म्हणून प्रत्येक संदेशात मोजणीची वेळ आणि तो आकडा कधीपर्यंत धरायचा ती मुदत घातली. अ‍ॅडॅप्टरचा संपर्क तुटला की 'लास्ट विल'मुळे, म्हणजे त्याने आधीच देऊन ठेवलेल्या निरोपामुळे, ब्रोकर स्वतः तसं जाहीर करतो. लोराच्या सेन्सरला याचा उपयोग नाही, कारण ब्रोकरशी जोडलेला असतो तो सेन्सरचे रेडिओ संदेश गोळा करणारा गेटवे. तिथे मुदतच कामी येते. पायला वीज गेल्यावर वेळ धरून ठेवता येत नव्हती, म्हणून बटन सेलवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ जोडलं.

आता स्क्रीनवर येतं: 'किमान ५ तास ओलं, २ तासांची नोंद नाही.' असं दिसलं की काका स्वतः बागेत जाऊन पानं बघतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

पुढचं काम ठिबकच्या व्हॉल्व्हचं. तिथे 'उघड' ही आज्ञा रिटेन करायचीच नाही असं ठरवलंय. नाहीतर वीज परत आल्यावर कंट्रोलर जोडला जाईल, जुनी आज्ञा पुन्हा हाती पडेल आणि छाटणीनंतरच्या बागेत नको तेव्हा पाणी सुटेल.