पद्मिनीच्या बोनेटखाली सात हजार आरपीएम: आमच्या शेडची वाटचाल

जुन्या प्रीमियर पद्मिनीत मारुती एस्टीमचं इंजिन बसतं, हे आज कोल्हापूर-पुण्यातला कुठलाही मेकॅनिक सांगेल. फोटो दाखवेल, दरही सांगेल. पण आमच्या भागात हे काम आधी शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये उभं राहिलं. आता दुसरेच लोक ते स्वतःच्या नावावर खपवायला लागले आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आमचा मूळ धंदा ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचा. शेतीपंपाची इंजिनं, त्यांचे बुश, शाफ्ट, पुल्या. आबा माझे भागीदार, वयानं वडिलांच्या जागी, आणि टर्नर असे की डोळ्यांनी दहा शतांश मिलिमीटर ओळखायचे आणि मग डायल गेज लावून ते खरं करून दाखवायचे. म्हैसूर किर्लोस्करचा हरिहरला बनलेला जुना लेथ त्यांनीच पसंत करून आणला. त्याचा बेड त्यांनी स्वतः स्क्रेप केला, उंचवटे दिसावेत म्हणून निळं लावून, घासून, पुन्हा निळं लावून. त्या लेथवर अजून काम चालतं. नवीन सीएनसी घ्या म्हणून सांगणारे खूप भेटले. एका नगाच्या कामाला सीएनसीची गरज नसते, हे त्यांना कोण सांगणार!

गाड्यांकडे वळलो ते इचलकरंजीच्या अण्णांमुळे. यंत्रमागवाले माणूस. वडिलांच्या वेळची पद्मिनी त्यांनी विकली नव्हती. ऑटोक्रॉसला, म्हणजे कच्च्या ट्रॅकवरच्या शर्यतीला, उतरायचा नाद होता, आणि १०८९ सीसीच्या मूळ इंजिनाची चाळीसच्या आसपासची अश्वशक्ती त्याला पुरत नव्हती. ते म्हणाले, "गाडी मागच्या चाकांवर चालणारीच पायजे, पण इंजिन पळणारं पायजे."

इंजिन बदलणं म्हणजे गाडी बाटवणं, असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यांनी कुर्ल्याच्या प्रीमियरचाच इतिहास बघावा. १९८५ मध्ये त्यांनी फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचं ए-१२ इंजिन घातलं आणि ११८ एनई ही गाडी बाजारात आणली. हिंदुस्थान मोटर्सनं कॉन्टेसात आधी अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन दिलं आणि पुढे इसुझूचं १.८ बसवलं. कारखान्यानं केलं की प्रगती आणि उद्यमनगरात केलं की जुगाड, हे मला कधी पटलेलं नाही.

अण्णांना सोळाशे सीसीचं इंजिन हवं होतं, जुन्या बलेनोचं जी-१६. आम्ही सुचवत होतो ते एस्टीमचं तेराशेचं जी-१३. मी आणि आबांनी त्यांना पाटीवर हिशेब करून दाखवला. जी-१६ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर, जी-१३ चा ७५.५ आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४, म्हणजे जवळजवळ चौरस. सात हजार आरपीएमला (मिनिटाला सात हजार फेऱ्यांना) जी-१३ चा पिस्टन सरासरी साडेसतरा मीटर सेकंदाला धावतो, जी-१६ चा एकवीस. ऑटोक्रॉसमध्ये गिअर धरून इंजिन वर ओढत ठेवावं लागतं, तिथं आखूड स्ट्रोकचं इंजिन हलकं पळतं. शिवाय ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे पुढचं वजन वाढत नाही. अण्णांनी पाटीकडे बघितलं आणि जी-१३ ला हो म्हणाले. हिशेब समजून घेणारं गिऱ्हाईक मिळणं हे नशीबच.

एस्टीममध्ये हे इंजिन आडवं बसतं. आम्ही त्याला मारुती जिप्सीचं बेल हाउसिंग, फ्लायव्हील आणि पाच गिअरचा बॉक्स जोडून गाडीच्या लांबीत उभं बसवलं. जिप्सीचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअर बॉक्सपासून वेगळा असतो, मध्ये छोटा शाफ्ट असतो. म्हणजे ट्रान्सफर केस सोडून दिला की गिअर बॉक्सच्या फ्लँजवरून सरळ मागच्या अ‍ॅक्सलकडे जाता येतं. हे ज्याला सुचलं त्याचं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मात्र जीव खातं. ऑइल चेंबर पुढच्या क्रॉस मेंबरवर आपटतो, तो कापून, आत बॅफल (तेल अडवणारे पत्रे) घालून पुन्हा वेल्ड करावा लागतो, नाहीतर लांब वळणात तेल एका बाजूला जातं आणि बेअरिंग कोरडी पडतात. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगवर, म्हणून तिच्या फ्लोअरमधला गिअर बॉक्सचा बोगदा लहान. तो वाढवावा लागतो. कार्ब्युरेटरच्या पंपावर एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं) इंजिन चालत नाही, त्याला सुमारे ३ बार दाब आणि रिटर्न लाइन लागते. मागच्या चाकांचे हाफ शाफ्ट आम्ही ईएन-२४ पोलादातून नवे केले. आबांनी त्यांच्या स्प्लाइन (टोकाचे खाचे) कापल्या तेव्हा शेडमध्ये कुणी बोलत नव्हतं.

आणि सगळ्यात मोठं काम प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअर बॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचं. ते कुणाला दिसत नाही, म्हणून तिथंच कामात चोरी होते.

आमच्याकडे एक मुलगा होता. हुशार, हाताला वळण असलेला. आबांनी त्याला वेल्डिंग शिकवलं, मी त्याला मोजायला शिकवलं. एक दिवस तो गेला आणि त्याच्याबरोबर फाउंडेशनची (इंजिन धरणाऱ्या ब्रॅकेटची) पुठ्ठ्याची टेम्प्लेटंही गेली. हायवेला त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं आणि आमच्या निम्म्या दरात पद्मिनी करून द्यायला लागला. धंद्यात स्पर्धा असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीची. त्याची एक गाडी चढावर चालू शर्यतीत बसली. फाउंडेशन वेल्डच्या शेजारी तडकलं, इंजिन खाली आलं, पंख्यानं रेडिएटर फाडला. आणि त्यानं मालकाला सांगितलं की हे डिझाइन उद्यमनगरचं आहे.

त्या एका वाक्यानं आम्हाला जवळजवळ बंद पाडलं. ज्यांनी आगाऊ रक्कम दिली होती ते ती परत मागायला आले, आणि मी ती दिली. टीआयजी वेल्डिंगचं आणि मिलिंगचं मशीन घेतल्याचं कर्ज अंगावर होतं, बँकेची पत्रं सुरू झाली. आबांनी पगार घ्यायचं सोडलं आणि मला न सांगता दुसऱ्याच्या लेथवर रात्रपाळी धरली. मी पुन्हा पंपाचे बुश करायला लागलो. शेडवर ज्यांनी चहा प्यायला होता, तेच लोक रस्त्यात दिसल्यावर नजर चुकवायचे. कुणीही येऊन एकदा मोजून बघितलं नाही. ते मला अजून लागतं.

अण्णा तेवढे आले. त्यांच्यावरही गाडी काढून न्या म्हणून दबाव होता. ते म्हणाले, "माझी गाडी हितंच ऱ्हाणार. पण ती मोडलेली गाडी मी हितं आणतो, तुम्ही सगळ्यांसमोर मोजा." आणि खरोखर ते त्या मालकाला समजावून गाडी ट्रेलरवर घालून घेऊन आले. वर दोन जुनी गिऱ्हाइकं बोलावली.

आम्ही गाडी स्टँडवर घेतली आणि कोन मोजायचा गेज लावला. गिअर बॉक्सची शेपटी खाली झुकलेली, मागचा पिनियन (शाफ्ट जिथं जोडतो तो गिअर) जवळजवळ सपाट. शाफ्टच्या पुढच्या क्रॉसचा, म्हणजे जॉइंटचा, कोन एक, मागच्याचा वेगळाच. क्रॉसचं गणित असं आहे की जॉइंट कोनात फिरला की शाफ्ट दर फेऱ्याला दोनदा पुढे-मागे झटका घेतो. दोन्ही टोकांना कोन सारखा असेल आणि योक (क्रॉस धरणारे फाटे) एका रेषेत असतील, तर एकाचा झटका दुसरा फेडून टाकतो. कोन वेगळे असतील तर तो झटका बॉडीत आणि फाउंडेशनमध्ये जातो. मूळ इंजिन पाच हजाराच्या वर क्वचितच जायचं, तिथं असली चूक खपून जाते. जी-१३ सात हजाराला नेलं की चौथ्या, थेट गिअरमध्ये शाफ्टही सात हजारानं फिरतो. पोलादाला दया नसते.

मग शेजारी उभी असलेली अण्णांची गाडी घेतली आणि तोच गेज लावला. दोन्ही टोकांना कोन सारखे, तीन अंशांच्या आत. मालकानं स्वतः वाकून वाचलं. तो काही बोलला नाही, पण त्याच आठवड्यात त्यानं ती गाडी आमच्याकडे दुरुस्तीला ठेवली. अण्णांनी त्यांच्या दुसऱ्या पद्मिनीची पूर्ण रक्कम आगाऊ भरली. बँकेचा तो हप्ता त्यातून गेला. एवढ्यावर शेड वाचली. पुठ्ठ्याचं टेम्प्लेट चोरता येतं, पण मोजायची शिस्त घेऊन पळता येत नाही, हे त्या मुलानं माझ्याकडून शिकायला हवं होतं.

त्यानंतरची वर्षं कामात गेली. अण्णांची गाडी कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर पळून आली. आबा आता रोज येत नाहीत, पण आले की आधी माझा लेथ पुसलाय का ते बघतात.

हे काम करायचं मनात असलेल्या तरुणांना दोन गोष्टी सांगतो. कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. इंजिनाच्या आधी पुढे डिस्क बसवा, मागचे स्प्रिंगचे पाटे तपासा, आणि मगच इंजिनाला हात लावा. ब्रेक न करता इंजिन बसवून मागणाऱ्याला आम्ही दारातून परत पाठवतो. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं आहे की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडी बदलता येत नाही. म्हणून आमच्या गाड्या स्पर्धेसाठी असतात. त्या ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरून जातात. आरटीओचं आम्ही बघून घेऊ, असं सांगणाऱ्या गॅरेजमध्ये आपली गाडी सोडू नका.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून चौकशी वाढली आहे. हायवेच्या त्या गॅरेजमधून निघालेल्या गाड्याही येतात. त्यांच्या शाफ्टचे कोन आम्ही नव्यानं बसवतो आणि पूर्ण बिल लावतो. तो मुलगा अजून कुणाला सांगत नाही की तो कुठे शिकला.

सध्या शेडमध्ये एक ११८ एनई उभी आहे. मालकाला तिच्यात जी-१३ हवं आहे. आम्ही कॉम्प्रेशन तपासलं. निसानचं ए-१२ चारही सिलिंडरला सारखा दाब देतं आहे. ते काढायला मी नाही म्हटलं आहे. ब्रेक आणि रेडिएटरचं काम करून देतो, हेड पॉलिश करून देतो, इंजिन तेच राहू द्या, असं सांगितलं. ते घरी विचारून शनिवारी कळवणार आहेत.